आजोबांच्या खांद्यातला जंतू

मंगळवार, बाळकुम

आज सायलीचा राग आला. राग कसला, जळलेच मी.

कोलशेतच्या आमच्या लॅबमध्ये एका आजोबांचे दोन नमुने होते, एक जुना, एक आत्ताचा. खांद्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्यात पुन्हा पू झालाय. सगळ्यांच्या त्वचेवर असतो तोच साधा जंतू. पण जुनाच उलटला की नवा शिरला? मी मोजकी जनुकं ताडून पाहिली, दोन्ही सारखे दिसले. "जुनाच आहे," मी सरांना सांगून टाकलं. सायलीने दोन्हींचा अख्खा जीनोम वाचला. स्ट्रेन, म्हणजे जंतूचे वाण, वेगळे निघाले; नवाच शिरला होता.

"ब्रिलियंट, सायली!" सर सगळ्यांसमोर म्हणाले. मला कधी म्हणालेत ब्रिलियंट? आजोबांना आता योग्य औषध मिळेल, याचा आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. ते ब्रिलियंटच कानात वाजत राहिलं.

निघताना सायली म्हणाली, "अगं, तो जंतू लॅबमध्ये वाढता वाढत नव्हता. तू वाढवलास म्हणून मला वाचता आला. रिपोर्टवर तुझं नाव आधी घातलंय."

"थँक्स," एवढंच म्हटलं मी.

वर चांगली पण आहे ती. आता तिच्यावर धड चिडायचं तरी कसं?