फॅमिली रूममधले गुरुवार

२ जानेवारी १९९७, गुरुवार. जालना.

दिलीपला, माझ्या लेकाला, बियाण्याच्या दुकानातून दोन डायऱ्या मिळाल्या. एक मी मागून घेतली. तो म्हणला, "माय, तुला लिहिता येतं का?" म्हणलं, तुला स्वयंपाक येतो का? जेवतोस ना तरी. आता मी सांगते अन् नितू लिहिते. नात आहे, बारावीला आहे. अक्षर चांगलं आहे म्हणतात. मला मुंग्या चालल्यासारखंच दिसतं.

आज देवाला गेल्ते. दत्ताचं देऊळ, स्टँडाजवळ. आठवड्यातून तेवढंच बाहेर. बाकी दिवस वरचा मजला, खाली फाटक, फाटकाला कडी. कडी वाजली की वरून सून विचारते, "आत्याबाई, कुठं?" गावाकडं, आष्टीला, आमच्या दाराला कडीच नव्हती. कुत्रं सुद्धा विचारत नव्हतं.

४ जाने.

बी.पी. आहे म्हणून डॉक्टरनं मीठ बंद केलं, तिखट बंद केलं. शोभा, माझी सून, नेमाची बाई. बाराला ताट. मऊ भात, फिकं वरण, दुधात कुस्करलेली पोळी. ताट ठेवते, जाते. काल दिलीपला शेवभाजी होती. त्याच खोलीत, हातभर अंतरावर. डॉक्टर माझं नाक बंद करायचं विसरला.

सून वाईट न्हाई. हे नितूला दोनदा लिहायला लावलं.

९ जाने., गु.

देवळातून निघाले. समोर हॉ. आहे. (नितू हॉटेलला हॉ. लिहिते. कुणी वाचलं तं हॉस्पिटल वाटंल म्हणते. पोरगी बापावर न्हाई गेली, माझ्यावर गेली.) शेवभाजीचा वास रस्ता ओलांडून आला. मंग मी पण ओलांडला.

आयुष्यात हॉ. त एकटीनं पाय ठेवला न्हवता. दुकटीनं पण न्हवता.

वेटर म्हणला, "मावशी, संग कोण हाय?"

"कोणी न्हाई."

त्यानं माझ्या मागं बघितलं. मंग रस्त्याकडं बघितलं. "फॅमिलीत बसा. येऊ द्या त्यांना."

फॅमिली म्हणजे मागच्या बाजूला फळ्यांचं खोपटं. चार खुर्च्या, हिरवा पडदा. एक गिलास पाणी ठेवलं, पडदा ओढला, गेला. गेला तो गेलाच. बाहेर आवाज चालू, दोन पुरीभाजी, एक स्पेशल चाय. आत मी अन् कटकट करणारा पंखा. कोण यायचं होतं ते मला पण कळंना. पडद्यातनं हात काढून हलवला. कुणीतरी म्हणलं, "आत लेडीज आहेत," अन् पडदा अजून नीट ओढून गेलं.

उठून आले. गल्ल्यावरचा शेठ म्हणला, "काय मावशी, भेटले न्हाईत का?"

घरी ताट झाकलेलं. फिकं वरण. देवळात लई गर्दी होती म्हणलं.

१४ जाने. संक्रांत

शोभाचं हळदी-कुंकू. बायका आल्या. मला आतल्या खोलीत बसा म्हणायची गरज पडली न्हाई, मीच बसले. बांगड्या वाजून राह्यल्या होत्या बाहेर. इथं पण पडदाच. मध्येच शोभा आत आली, माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, गेली. तिच्या स्वतःच्या तोंडात एक दाणा पडला का न्हाई, देव जाणे. सकाळपासून उभीच होती.

१६ जाने., गु.

आज गेल्या गेल्या मीच आधी बोलले. "मालक येऊन राह्यलेत. तोवर आणायला लाग."

"साहेबांना काय आणू?"

"शेवभाजी. तिखट. अन् रोटी. दोन जागी."

काय सांगावं! टेबल पुसलं. गिलासातलं पाणी बदललं. कांदा-लिंबू न मागता आलं. "साहेबांसाठी पंखा मोठा करू?" मालकांना जाऊन वर्षं झाली. जिते असताना मला कधी हॉ. त नेलं न्हाई. मेल्यावर उपयोगी पडले.

रोटी कडक, दात न्हाईत. रश्श्यात बुडवून बुडवून खाल्ली. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी. मीठ! मीठ म्हणजे काय असतं ते मी विसरलेच होते.

समोर मालकांचं ताट गार होऊन राह्यलं. वेटर डोकावला, "साहेब?"

म्हणलं, "त्यांचं असंच आहे. जेवायला बोलवलं की येत न्हाईत."

बडीशेप आणून दिली, खडीसाखर टाकलेली, काचेच्या वाटीत. पैसे मीच दिले. आष्टीच्या आंब्याचे आहेत, कुणाला विचारायचं न्हाई. हे सांगितल्यावर नितू हसून हसून आडवी झाली. "आजी, आजोबांचं पार्सल तरी आणायचं!"

२३ जाने., गु.

परत दोन ताटं. आज एक गोष्ट मनात आली. लग्न झाल्यापासून मी मालकांच्या ताटात जेवले. ते उठले की त्याच ताटात मी बसायची. त्यांनी भाजीत काय ठेवलं त्यावर माझं जेवण. कधी फोडी, कधी नुसता रस्सा. आमच्याकडं सगळ्या बायकांचं तसंच होतं, त्यात मला काही वाटलं न्हाई तेव्हा.

आज आधी मी, मंग त्यांचं ताट. त्यातली शेव काढून खाल्ली. रस्सा ठेवला त्यांना.

२७ जाने.

बी.पी. वाढली म्हणला डॉक्टर. दिलीप शोभाला बोलला, "मीठ पडतंय कुठंतरी. लक्ष दे." ती म्हणली, "चिमूटभर पण टाकत न्हाई हो." खरंच टाकत न्हाई. मी भिंतीकडं बघत बसले. नितूनं माझा हात दाबला.

३० जाने., गु.

वेटरचं नाव रफिक. केस पिकलेत त्याचे पण. आज ताटं ठेवली अन् उभा राह्यला.

"अम्मा, एक बात बोलू? साहेब कभी आते नहीं. दोन ताटं कायको? एक वाया जातं."

म्हणलं, "एक ताट मागितलं तं कोण आणतं? पह्यल्या दिवशी बसले होते की एकटी."

खांद्यावरचं फडकं सारखं केलं त्यानं. मंग म्हणला, "लेकिन साहेब हैं कहाँ?"

मी बोट वर केलं.

"लॉजमध्ये?" हॉ. च्या वर लॉज आहे.

म्हणलं, "बाबा, त्याच्या पण वर."

दोन्ही हात कानाला लावले त्यानं. "माफ करना अम्मा." दुसरं ताट उचलून नेलं, बिलात धरलं न्हाई.

६ फेब्रु., गु.

आज एक ताट. आज शेठला म्हणलं, मला बाहेर बसू दे, त्या खिडकीपाशी. आत जीव कोंडतो. घरी कोंडतो तो कोंडतोच, पैसे देऊन कशाला कोंडून घेऊ?

शेठ म्हणला, "मावशी, लेडीज बाहेर नको. गिऱ्हाईक संकोचतं."

"मला कुणाचा संकोच न्हाई."

"तुमचा न्हाई हो, त्यांचा!"

त्यांचा संकोच, अन् पडद्याआड मी. शेवटी रफिकनं तोड काढली. सुतळी आणली, पडदा गोळा केला, खिळ्याला बांधून टाकला. "आता तुम्ही फॅमिलीतच. बस, हवा आणि रस्ता बाहेरचा."

रस्ता दिसला. अंबडची एस.टी. दिसली. मोसंब्याची गाडी, भांडणारे दोघं, सगळं. रफिक आला, खांद्यावर फडकं, अन् म्हणला, "काय आणू?" अन् उभा राह्यला. मुद्दाम वेळ लावला मी. काय काय आहे ते सगळं म्हणायला लावलं. दोन वेळा. मंग म्हणलं, शेवभाजी.

१० फेब्रु.

धरले गेले.

दिलीप अंबडला तहसीलीत आहे. त्याच्या ऑफिसातला एक माणूस गुरुवारी कामाला जालन्याला आल्ता, त्या हॉ. त चहा प्यायला. बांधलेल्या पडद्यातून मला रस्ता दिसला, तशी त्याला मी दिसले. आज चारचौघांत विचारलं म्हणे, "साहेब, आई हॉटेलात एकट्याच जेवत होत्या. घरी सगळं बरं आहे ना?"

दिलीप ओरडला न्हाई. ओरडला असता तं बरं. म्हणला, "माय, तुझ्या बी.पी. चं एक राहू दे. लोक काय म्हणतील? सून जेवू घालत न्हाई म्हणून म्हातारी हॉटेलात खाते. हिनं काय करायचं मंग? कुठं तोंड दाखवायचं?"

शोभा गॅसपाशी. पाठ आमच्याकडं. वळली न्हाई.

एवढं मी हिशोबात धरलंच न्हवतं. वाटलं, माझं तोंड, माझी शेवभाजी. पण तिच्या नावाला...

रात्रीच्या वरणात मीठ होतं. चुकून का मुद्दाम, विचारलं न्हाई. खाल्लं.

१३ फेब्रु., गु.

दिलीपनं दत्ताची तसबीर आणली, काचेची. खिळा ठोकला. "आता देव घरातच. इतक्या लांब जायची दगदग नको." फाटकाला कुलूप पण आणलं. कुत्री शिरतात म्हणे.

तसबिरीतली तिन्ही तोंडं फाटकाकडंच बघतात. माझ्यासारखीच.

१८ फेब्रु.

नितूची परीक्षा आली. आज शेवटचं लिहिते म्हणली.

शोभा अजून बोलत न्हाई. बोलते म्हणजे, पाणी तापलं, गोळी घ्या, दार लावा. ताट बाराला. ठेवते, जाते. काय सांगावं तिला? तुझ्या हाताला चव न्हाई म्हणून गेले न्हाई गं. चव आहे, दिलीपच्या ताटाचा वास येतो ना मला. कसं सांगावं ते सुचलं न्हाई. नितू म्हणली, मी सांगू का? म्हणलं, तू भूगोल वाच.

२० मार्च, गु.

नितू परीक्षा देऊन मंठ्याला मामाकडं गेली. डायरी उशाला पडून होती. आज दुपारी शोभा आली, पेन घेऊन बसली. "सांगा. मी लिहिते."

हिच्यापुढं हिच्याबद्दल काय सांगावं? म्हणलं लिही, ऊन लई तापून राह्यलंय. लिहिलं. म्हणलं लिही, बी.पी. उतरली. लिहिलं. मंग पेन थांबवून तीच म्हणली, "आत्याबाई, तिथं असं काय मिळतं, जे मी देत न्हाई?"

किती दिवस घोटलेला प्रश्न असंल. खोटं बोलायचं जिवावर आलं.

म्हणलं, "तिथं विचारतात. काय आणू म्हणून. उत्तर येईस्तोवर उभे राहतात. जन्मात मला कुणी विचारलं न्हाई गं. आईनं न्हाई, सासूनं न्हाई, मालकांनी न्हाई. तू पण न्हाई."

तिनं मान खाली घातली. मला वाटलं रडते. रडली न्हाई. म्हणली, "अन् मला कोण विचारतं?"

खरं होतं. मी तरी कधी विचारलं?

तिला म्हणलं, हे पण लिही. लिहिलं वाटतं.

हे रात्री तिच्याकडूनच लिहून घेतलं: संध्याकाळी पोळ्या करताना तिच्यापाशी जाऊन बसले. म्हणलं, तुला काय आवडतं गं खायला? तिला आठवंना.

२७ मार्च, गु.

सकाळी शोभा दिलीपला म्हणली, "आत्याबाईंचे गुरुवार मोडले. देव घरात आणला तरी देवळाचा नेम होता. त्यांच्या वतीनं मी जाऊन येते नारळ घेऊन." दिलीपला काय, देवाचं काम, हो म्हणला. कुलपाची किल्ली तिच्याकडंच असते.

बाराला माझं ताट झाकून गेली. मी गॅलरीत. फाटकाकडं बघत. कुलूप बाहेरून. सावली भिंतीवरून उतरली तरी हिचा पत्ता न्हाई. एवढा वेळ मी पण कधी लावला न्हवता.

आली. घामेजलेली. पदर नीट करत. म्हणलं, जेव आता, उन्हातनं आलीस. म्हणली, "भूक न्हाई मला."

सकाळपासून पोटात काही न्हाई, अन् भूक न्हाई.

मंग माझ्या हातावर कागदाची पुडी ठेवली. "प्रसाद घ्या." सोडली. खोबरं न्हाई, पेढा न्हाई. बडीशेप. खडीसाखर टाकलेली.

मी तिच्याकडं बघितलं. ती तसबिरीकडं.

आता पेन घेऊन बसलीय समोर. म्हणलं, लिही. देवळातून बडीशेप आली.

"हे लिहायचं?"

"लिही."

"अन् ह्यांनी वाचलं तं?"

म्हणलं, "तीन तोंडांचा देव आहे म्हणावं. मुखशुद्धी लागते त्याला."

हसली. ह्या घरात अशी हसलेली मी तिला बघितली न्हाई. पेन चालल्याचा आवाज येऊन राह्यला आहे. काय लिहिते, काय गाळते, मला मुंग्याच दिसतात.

बडीशेप पुरवून खाऊन राह्यले. पुढच्या गुरुवारी किल्लीचं काय, विचारलं न्हाई. तिनं इकडंतिकडं बघितलं, मंग हळूच म्हणली, "पंखा लई कटकट करतो तिथला."

देवळात पंखा न्हाई.

म्हणलं, "अन् संग कोण हाय, असं विचारलं असंल तुला पण?"

"विचारलं."

"मंग? काय म्हणलीस?"

पेन खाली ठेवून म्हणली, मंग परत उचलून हे पण लिहून राह्यली आहे वाटतं,

"म्हणलं, माझ्या सासूबाई येऊन राह्यल्यात."