विदा म्हंजे विदाई न्हाय

तेर, शुक्रवार

तीर्थरूप बजरंगमामांना राजनंदिनीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा हाय? मामींची लाल चटणी पोचली. आबा एक घास खातेत आन् तांब्याभर पाणी पितेत. (फोनच केला असता, पण तुम्ही स्पीकर लावता आन् निम्मं जळकोट ऐकतं, म्हणून पत्र.)

मामा, आधी तुमचे उपकार. धाराशिवच्या कम्युनिटी कॉलेजच्या कागदावर ‘विदा प्रक्रिया तंत्रज्ञान’ असं छापलेलं तुम्ही वाचलंत आन् आई-आबांना छातीठोक सांगितलंत, की लग्नात नवरीची विदाई असती न्हाय का, तिचं हल्ली सरकारमान्य शिक्षण निघालंय. विदा म्हंजे डेटा, ढीगभर माहिती कॉम्प्युटरवर नीट लावायची, हे मलासुद्धा पहिल्या तासाला कळलं. तुम्ही कॉम्प्युटर म्हणाला असतात, तर मला एसटीत कुणी बसू दिलं नसतं. विदाई म्हणल्यावर आईनं आपणहून डबा बांधला! तुमच्या त्या एका चुकीपायी मी शिकतेय, आन् मला लई आवडतंय. सर शाब्बास म्हणले त्या दिवशी बसमध्ये येडीवानी एकटीच हसत आले.

आता भानगड ऐका. आबांनी गावभर केलं, की आमची पोरगी विदाईत तयार व्हायलीय. झालं, शेजारच्या विठाबाईनं तिच्या हर्षालीच्या लग्नात मलाच पुढं घातलं. मी म्हणलं, आहेराचा तक्ता करू, तेवढाच सराव. एका रकान्यात पाव्हण्यांची नावं, शेजारी कुणाला काय द्यायचं ते. मग झोकात नावं अकारविल्हे लावली. नावं हलली, आहेर जागच्या जागी राहिला. (दोन्ही रकाने संगट धरायचे, हे सर घसा कोरडा करून सांगत होते. मी डबा उघडत होते.) मांडवात माईकवर पुकारायला लागले, तर नवऱ्याच्या आत्याबाईंना टोपी-टॉवेल! आन् त्याचे थोरले चुलते रणधीरकाका, मिशीला पीळ देऊन उभे, त्यांना हिरवा खण आन् बांगड्या. पाव्हणे रुसून निघाले की हो. शेवटी आबांनी आत्याबाईंच्या हातातली टोपी काकांच्या डोक्यावर ठेवली, बांगड्या तिकडं दिल्या, हात जोडले, तवा कुठं मांडव हसला.

पण जाताना काकांनी आबांना विचारलंच, पोरगी नेमकं शिकती तरी काय? तवापासून आबा माझ्या वह्या चाळतेत. गुरुवारी प्रात्यक्षिक परीक्षा. त्याआधी खरं कळलं आन् कॉलेज बंद झालं, तर सगळं पाण्यात.

मामींना नमस्कार, गुडघ्याला तेल लावा.
तुमचीच भाची,
राजनंदिनी

ता.क. बुधवारीच या. गुरुवार सरेपर्यंत विदा म्हंजे विदाईच, एवढं आबांच्या गळी उतरवा. पाया पडते.

ता.क. दुसरा. वाचून फाडून टाका. पोस्टात टाकायला आबांकडंच देतेय, पण ते दुसऱ्याचं पत्र उघडत न्हाईत.

(याखाली वेगळं अक्षर)

बजरंगराव, रामराम. पाकीट डकवलेलंच नव्हतं, त्यामुळं म्या उघडलं असं म्हणता येणार न्हाय. विदा म्हंजे काय, ते प्रवेशाच्या दिवशीच सरांनी मला सांगितलं होतं. तरी सही केली. पोरीला शिकायचं होतं, आन् तुमच्या ताईला गप बसवायला तुमची विदाई आयतीच सापडली. तुमचे उपकार माझ्यावर बी हायेत. गुरुवारी तिला मीच गाडीवर सोडतो. तुम्ही जरूर या, पण ताईपुढं तोंड उघडू नका.

आन् हिची खरी विदाई कधी निघाली, तर आहेराचा तक्ता तुम्ही करा.

दगडोबा