कोंडवाड्यातला जमादार मेंढा सोडून मिळणेबाबत

प्रति,
मा. दिनकरराव साहेब,
चौकशी अधिकारी, हवाई नौका खाते,
नौकातळ कचेरी, जिल्हा परभणी.

अर्जदार : भिवराबाई मल्हारी शिंगाडे, वय अंदाजे सत्तर, धंदा मेंढपाळी, राहणार राणीसावरगाव.

विषय : भाऊबीजेच्या नौका-अपघातातील आरोपी मेंढा नामे जमादार यास लिलावाआधी सोडण्याबाबत.

संदर्भ : आपला चौकशी अहवाल व लिलावाचा आदेश, क्र. मेंढा/१, दि. ३० ऑक्टोबर १९५७.

महोदय,

अर्जदार बाईला लिहिता येत नाही. ती सांगते आणि शाळेचे किशनराव गुरुजी लिहितात. भाषा गुरुजींची, म्हणणे बाईचे. जिथे गुरुजी म्हणाले, "हे अर्जात शोभत नाही," तिथे बाईचेच चालले आहे.

१. अर्जदार लग्न होऊन या गावी आली तेव्हा आकाशात घारींशिवाय काही फिरत नव्हते. पहिली हवाई नौका गावावरून गेली त्या दिवशी तिच्या सासूने तव्यावरची भाकरी जळू दिली आणि हळदीकुंकू घेऊन अंगणात धावली. ते वर पोचेना, म्हणून शेजारणीला लावले. कागदोपत्री नाव काहीही असो, आपल्या भागात नौकेला सगळे भोपळाच म्हणतात. उतरायची वेळ झाली की भोपळ्यातून दोर सोडतात आणि खालची माणसे तो खांबाला बांधतात. तालुक्याचा पहिला खांब रोवला तेव्हा खड्डा खणणाऱ्यांत अर्जदाराचे मालक मल्हारी होते. तेव्हा राज्य निजामाचे होते, आता मुंबईचे आहे. खांब तोच आहे. इतक्या वर्षांत अर्जदाराच्या घरून नौकेला कसलाही उपद्रव झाला नाही, हे आधी नोंदवून घ्यावे.

२. आरोपी जमादार हा कळपाचा म्होरक्या. त्याच्या गळ्यात वाटीएवढी घंटा असते. तो चालला की एकशे चाळीस मेंढ्या चालतात, तो थांबला की थांबतात. त्याच्या पणजोबाचे नाव तालुकदार होते. पोलीस कारवाईनंतर गावातल्या एका पुढाऱ्याने सांगितले की ही निजामी हुद्द्यांची नावे आता बदला. बदलून पाहिले. चार दिवस त्याला 'सेवक' म्हणून हाक मारली, त्याने मान वर केली नाही.

३. भाऊबीजेच्या दुपारी आश्रुबा पाटलांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. मानवतहून निघालेल्या भोपळ्याचे यंत्र बंद पडले आणि तो वाऱ्यावर झोकांड्या खात आमच्याकडे आला. आत तेवीस माणसे. त्यांत चौदा बाया भावाला ओवाळायला निघालेल्या. कप्तान बन्सीधर भोंग्यातून ओरडले, "दोर धरा! कशालाही बांधा, पण बांधा!" रानात खांब कुठला? अर्जदाराचा मुलगा येडबा दोर धरून फरफटत आला आणि म्हणाला, "माय, ह्यो वाट चुकलाय! काय करू?" अर्जदार म्हणाली, "चुकलेल्याला रोज काय करतूस? जमादाराला बांध."

४. साहेब शहरातले, म्हणून खुलासा करते. सारखे भरकटणारे मेंढरू आम्ही मारत नाही. त्याची दोरी म्होरक्याच्या गळ्यात अडकवतो. चार दिवस म्होरक्यामागे फिरले की ते आपोआप वाटेला लागते. भोपळा दिसायला मोठा, पण हवेत तरंगणारा. त्याला वजन कसले? जमादार उठला, घंटा वाजली, मेंढ्या उठल्या आणि भोपळ्यासकट सगळे आमच्या मेंढवाड्याकडे निघाले. अहवालात 'मेंढ्याने नौका पळवून नेली' असे लिहिले आहे. पळवली नाही. घरी आणत होता.

५. वाटेत बाभळी आहेत. त्या पूर्वीपासून तिथेच आहेत. जमादार खालून गेला, भोपळा वरून जाताना काट्यांनी फाटला. जमादाराने झाडांची उंची विचारात घेतली नाही, असा ठपका अहवालाच्या नवव्या पानावर आहे. मेंढा मान खाली घालून चालतो, ही त्याची जातच आहे. हवा जात जात भोपळा सावकाश बसला, तो थेट कळपावर. लोकर कातरायची राहिली होती, ते बरे झाले. मानवतच्या कमलबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "अगं बाई, गादी हाय का काय!" कापसाचे व्यापारी व्यंकटराव यांनी एका मेंढीला मिठी मारली ती सोडेनात. "मालक, आता जिमिनीवर आलाव. सोडा तिला, लय घाबरलीय," असे येडबाने तीनदा सांगितले. माणूस एकही दगावले नाही. एक मेंढी तीन दिवस लंगडली. तिची तक्रार नाही.

६. साहेब स्वतः त्या भोपळ्यात होते, हे दुसऱ्या पानावर एका ओळीत आले आहे. पण साहेब कशावर पडले ते आलेले नाही. साहेब जमादारावर पडले. त्याच्या मानेला मिठी मारून बराच वेळ होते. परक्याला जवळ येऊ न देणारा मेंढा त्या वेळी हलला नाही, हे अहवालात यायला हवे होते.

७. दिवस कलला. बायांच्या भावांची गावे लांब. कमलबाई थोडा वेळ रडल्या, मग पदर खोचून उठल्या, ताट काढले आणि जमादारासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझा भाऊ आजवर वेशीपोतर न्यायला आला न्हाई. ह्यानं तर वरून उतरवून घेतलं." त्यांनी ओवाळले, मागोमाग तेरा जणींनी ओवाळले. करंज्या त्याने खाल्ल्या. तेव्हा आपल्या कोंडवाड्यात आज जो आरोपी आहे तो चौदा बहिणींचा भाऊ आहे. लिलावाच्या दिवशी आम्ही चौदाजणी लेकरांसह येऊ, असा त्यांचा निरोप आहे.

८. इथला चारा संपला. पेरण्या उरकल्या, रानात आता मेंढरू घालता येत नाही. आम्हाला निघायला हवे. पण कळप निघत नाही. सगळ्या मेंढ्या जमादाराला नेले त्या वाटेकडे तोंड करून उभ्या आहेत. हाकलले तर गोल फिरून पुन्हा तिथेच येतात. येत्या सोमवारी त्याचा लिलाव आहे. म्हातारा होत आलेला मेंढा लिलावात कोण घेतो, हे साहेबांना सांगायला नको. 'जमादाराला बांध' हे अर्जदार बोलली, जमादार बोलला नाही. गुन्हा असेल तर तो बाईचा. तरी त्याला सोडून त्या जागी अर्जदाराला ठेवावे. तिला दोन वेळा भाकरी लागते, कडबा नको. मेंढ्या भिवराबाईवाचून जगतील.

९. शेवटचे. साहेब चौकशीला गावात आले तेव्हा सारा वेळ तोंडाला रुमाल धरून होते. मेंढ्यांचा वास सोसवत नसेल, असे लोक म्हणाले. अर्जदारालाही तसेच वाटले आणि तिला राग आला. तो तिने आता काढून टाकला आहे. अपघातापासून जमादाराची घंटा वाजत नव्हती. त्याला नेताना शिपायाने ती काढून येडबाच्या हातात दिली. आत बघितले तर एक वस्तू अडकलेली. कोणाची, हे अर्जदाराने गावात कोणाला विचारले नाही. गुरुजींना आज लिहिताना कळले, त्यांनी विद्येची शपथ घेतली आहे. ती वस्तू सोबत पाठवत आहे. तिला कसलीही अट नाही. लिलाव झाला तरी ती साहेबांचीच.

घंटा आता वाजते. ती मात्र अर्जदाराने ठेवून घेतली आहे. सोडलाच तर येडबा ती घेऊन येईल. साहेबांनी सोडताना जमादाराकडे पाठ करू नये.

निजामी अमलात अर्जाखाली 'फिदवी' लिहीत. आता 'नम्र' लिहितात, असे गुरुजी म्हणतात. तर,

नम्र,
भिवराबाई मल्हारी शिंगाडे
(निशाणी डाव्या अंगठ्याची)
राणीसावरगाव, दि. ४ नोव्हेंबर १९५७

सोबत :
१. चौदा बहिणींच्या सह्या व अंगठ्यांचा कागद.
२. कप्तान बन्सीधर यांची चिठ्ठी : 'कशालाही बांधा असे मीच म्हणालो.'
३. दातांची कवळी, वरची, नग एक. कोमट पाण्याने दोनदा धुऊन नव्या खणात बांधली आहे. पोच नको.