कागद म्हणतो, झोपलात

सोमवार, ४
मेंदूतपासणी केंद्रात अहवाललेखक म्हणून रुजू झालो. जन्मभर संस्कृत शिकवलं, आता लोकांच्या डोक्यातल्या लहरी शब्दांत मांडायच्या. पूर्वीही तेच करत होतो, फक्त कागदाशिवाय. तंत्रज्ञ बाई हसतमुख. त्यांनी समजावलं: डोकं कामात असलं की बीटा, निवांत असलं की अल्फा, पेंगताना थीटा, गाढ झोपेत डेल्टा. म्हणजे आमच्याच जागृती, स्वप्न, सुषुप्तीला ग्रीक आडनावं. यंत्र बरोबर चालतंय का ते पाहायला रोज सकाळी सर्वांत नव्या माणसाला तारा लावायचा इथे रिवाज आहे. अहवालात कागद सांगेल तेच लिहायचं, माणूस सांगेल ते नाही. आणि झोपेतल्या माणसाला बाहेर सोडायचं नाही. चोख नियम, मला आवडले.

मंगळवार, ५
तारा लावून शब्दकोडं सोडवलं. कागदावर अल्फा. बाई म्हणाल्या, अगदी निवांत होतात. सहा आडवा अडला होता, निवांत कसला!

बुधवार, ६
थीटा. तेही बाईंशी हुज्जत घालत असताना. यंत्र बदललं, पुन्हा थीटा. बाईंना लावलं, तर खणखणीत बीटा. डॉक्टरांनी माझी तक्रार शांतपणे ऐकली आणि बाईंना विचारलं, हे झोपेत नेहमी एवढं बोलतात का.

गुरुवार, ७
डेल्टा. सोडत नाहीत. घरी फोन लावला, तर बाईंनी तो हळूच काढून घेतला. "वहिनी, काळजी करू नका, गाढ झोपलेत." मी शेजारी उभा राहून ओरडत होतो. बायको म्हणाली, बडबडू द्या, ती सवयच आहे त्यांना. तीस वर्षांचा संसार!

शुक्रवार
पडदे ओढले. चष्मा काढून ठेवला. हाताला टाचणी टोचून दाखवली — रक्त आलं — बाईंनी पट्टी बांधली, श्वास रोखून, माझी झोप मोडू नये म्हणून. अहवालात ‘जागा आहे’ लिहिलं. खोडलं त्यांनी. नियमाने बरोबरच —

शनिवार
सुषुप्तीपुढची चौथी अवस्था राहिली होती. तुरीया. शास्त्रात तिची केवढी थोरवी — कागदावर नुसती सरळ रेघ.
बाई रडतायत. डॉक्टरांनी वेळ सांगितली. अकरा दहा. सवयीने मीच लिहून घेतली —
बायको आलीय. हात धरलाय. म्हणते, अजून ऊब आहे हो — अगं, आहेच — वर बघ, लिहितोय मी — चादर नको, अगं, सांग त्यांना, मी जा