फडात गेलेलं गाव

४ फेब्रुवारी, अंबाजोगाई

चहा घेताना इंदू आठवली. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधला रविवार. मदर सुपीरियरच्या खोलीबाहेरचा अरुंद बाक, आम्ही दोघी, मध्ये एक पेरू. अख्ख्या शाळेत फोन एकच. इंदूच्या घरचा ट्रंक कॉल जालन्याहून यायचा, माझा इथून. माझा बहुधा लागायचाच नाही. सिस्टर दारातून डोकं काढून म्हणायच्या, "लाइन डाउन, चाइल्ड." मग इंदू पेरूचा मोठा अर्धा माझ्याकडे सरकवायची. काही न बोलता. सिस्टरांचा एक नियम मात्र होता: गेल्या रविवारी जिचा फोन लागला नाही, तिला या रविवारी पहिला नंबर.

आता इंदू जर्मनीत. नेटवर्कच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढून निवृत्त. मी इथल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त. आणि टेबलावर प्रयोगाला पैसा देणाऱ्या समितीनं सोपवलेलं काम: उद्याच्या इंटरनेटवरच्या संशोधनाला कुठे पैसा कसा देतात, चाचण्या कशा घेतात, याची तुलना. शेवटचं प्रकरण आपल्या प्रयोगाचं, धारूरच्या वरच्या वस्तीवरच्या. ते वाचून समिती ठरवणार: सिग्नलची तबकडी, खांब, बॅटऱ्या तिथे राहू द्यायच्या की मार्चअखेर उतरवायच्या.

तीन प्रकरणं झाली. चौथं सुचत नाही.

६ फेब्रु.

इंदूचा फोन. मागे भांडी घासल्याचा आवाज.

"अगं, आमच्याकडे सगळ्या देशांचा पैसा एका हंड्यात. मग चार देशांतल्या लोकांनी, वापरणाऱ्यांसकट, गट करून मागायचा. एकट्याला कुणी उभं करत नाही."

"आणि चाचणी?"

"एकाची प्रयोगशाळा दुसऱ्याला जोडलेली. मी इथे बसून दुसऱ्या देशातल्या यंत्रावर प्रयोग करायचे. मीटिंगा मात्र इतक्या की विचारू नकोस."

अमेरिकेत स्पर्धा. विद्यापीठं अर्ज करतात, जिंकतात, यंत्रणा कॅम्पसवर उभी राहते, आणि वापरणारी पोरं तिथेच हॉस्टेलात असतात. जपानात सरकारची संस्था स्वतःच चाचणीचं जाळं बांधते नि वर्षानुवर्षं सांभाळते, घाई नाही. आपल्याकडे मुदतीचा प्रकल्प. मुदत संपली की खातं बंद, सामान परत, डेडस्टॉकमध्ये.

इंदू: "मग तुझ्या वस्तीचं काय होणार?"

म्हटलं, आधी वर जाऊन बघते.

९ फेब्रु.

दीक्षाबरोबर वस्तीवर. दीक्षा माझी जुनी विद्यार्थिनी, प्रयोगाची इंजिनिअर. घाट चढताना जीप तीच चालवते, बोलतेही तीच.

प्रयोग साधा आहे. डोंगरावर लाइन सारखी तुटते. म्हणून इथला निरोप तुटल्या लाइनवर हरवत नाही. शाळेतल्या खोक्यात थांबून राहतो, लाइन आली की आपणहून पुढे जातो. बोललेला निरोप, फोटो, काहीही. दोन वर्गखोल्यांपैकी एकीत ही सोय, संध्याकाळी उघडी.

समितीच्या अध्यक्षांनी (पुढे अ.) आलेख पाठवलाय. दिवाळीपर्यंत वापर चढता, मग एकदम खाली. शेरा: "लोकांना गरज दिसत नाही."

वस्तीत शिरलो तर दाराला दार कुलूप. अंगणात तुळशी वाळलेल्या. कडबा, एक गाय, दोन म्हाताऱ्या. मला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच! जन्म इथे गेला. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात येतात. पण आलेख बघताना ते डोक्यातच आलं नाही. अंतिम चाचणीचे महिने बाहेरच्या नमुन्यावरून आले होते, जानेवारी ते मार्च, आणि आम्ही सगळ्यांनी ते तसेच लिहून घेतले. नोंदवलेले फोन माणसांच्या खिशातून उसाच्या फडात गेले. वापर पडणारच.

केसरबाई शाळेच्या पायरीवर. लेक-सून, नातवंडं सगळी कोल्हापूरकडे. मला म्हणाल्या, "बाई, दीक्षा सांगती खांब काढनार. कावून?"

"अजून ठरलं नाही, केसरबाई."

"नातीचा आवाज येतो त्यात. लाईन नसली तरी उशिरा का हुईना, येतो. मागल्या साली आमी वाट बघून बघून येडे झालो. मुकादमाचा फोन आला तरच कळायचं, जित्ते हायत का न्हाई."

दीक्षा: "मावशी, मॅडमला चहा तरी विचारा."

"दूध न्हाई गं. कोरा चालंल का साहेबीणबाईला?"

चालला. लई गोड होता.

१२ फेब्रु.

चौथं प्रकरण एका बैठकीत झालं. मथळा खोडला तीनदा. मुद्दा एकच: युरोप वापरणाऱ्याला आरंभापासून गटात घेतो, अमेरिका वापरणारा असेल तिथे यंत्र नेते, जपान वाट बघतो. आपण तिन्ही सोडून फक्त मुदत उचलली. इथली चाचणी हंगामानं घ्यायला हवी. टोळी जाताना, टोळी नसताना, टोळी परतल्यावर.

इंदूला वाचून दाखवलं. "जरा कमी रड," म्हणाली. दोन वाक्यं काढली. बरोबर होती ती.

१७ फेब्रु.

समितीची बैठक. अहवाल पोचलाय, पण चौथं प्रकरण कुणी वाचलेलं दिसलं नाही. दीक्षाचा हट्ट, आपण वस्तीवरूनच बोलायचं, याच जाळ्यावरून. माझा जीव खालीवर. थेट बोलताना लाइन तुटली तर तोंडावर पडू.

तुटली. अ. विचारत होते, "रिकाम्या गावावर खर्च कसा दाखवायचा?" आणि पडदा गोठला. दीक्षानं कपाळाला हात लावला. मी उत्तर निरोप म्हणून खोक्यात बोलून ठेवलं: गाव रिकामं नाही, ऊस तोडायला गेलंय, आणि मागे राहिलेल्यांना तेव्हाच याची जास्त गरज आहे. केसरबाई मध्येच तोंड घालून, "आन सायबाला सांगा, रातभर न्हाई ठिवनार तुमचा खांब आमी उपाशी, पानी घालू बॅटरीला." (या बॅटऱ्यांना पाणी लागत नाही. दीक्षा हसून हसून...)

लाइन आली. निरोप सगळा गेला, केसरबाईंसकट.

पलीकडे तो पूर्ण वाजला. मग अ. म्हणाले, "ऊस तोडायला म्हणालात? आमच्याच कोल्हापूरच्या उसाला दरवर्षी धारूरकडची माणसं येतात. आत्ताही आहेत." आणि लगेच, "म्हणजे तुमचं गाव सध्या आमच्या फडात आहे."

"हो सर."

"हे मला कुणी सांगितलं का नाही?"

सांगायचं कुणी? गावाला वाटतं सगळ्यांना ठाऊकच आहे.

१८ फेब्रु.

खांब उतरवायचा नाही! टोळ्या परतेपर्यंत चाचणी चालू, मग पुन्हा मोजणी. दीक्षाचा निरोप सकाळी आला. तिच्या पगाराची मंजुरी मात्र अजून नाही, आणि पुढच्या दिवाळीनंतरचं कुणीच बोललं नाही. तरी आज खूप हलकं वाटतंय. कित्येक दिवसांनी दुपारी झोपले. उठून इंदूला फोन. तीही रडली, बया. मला कमी रड म्हणणारी.

अ. नी संध्याकाळी त्यांच्या फडातल्या कोपीसमोरचा, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या खोपटासमोरचा, फोटो पाठवला. केसरबाईंची नात नाही त्यात, दुसऱ्याच टोळीची पोरं. तरी मी तो खोक्यातून वर पाठवला, केसरबाईंनी निरखून पाहिला. "हिचं नाक आमच्या पोरीवानी हाय," असा त्यांचा उलट निरोप.

२ मार्च

उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, इथल्याच मोठ्या दवाखान्यात. काही दिवस वाचणं-लिहिणं बंद, घाट चढणं बंद. म्हणून दीक्षासाठी इथेच लिहून ठेवते, ती हे पान वाचेल.

शाळेच्या खोलीची किल्ली केसरबाईंकडे. दुसरी तुझ्याकडे.

जादा बॅटरी आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाईंना, शाळेत ठेवू नकोस, उंदीर.

अहवालाची एक प्रत इंदूला. माझ्या कपाटातला बोर्डिंगचा फोटोही तिलाच, त्यात बाक दिसतो.

अ. ना उन्हाळ्यात बोलावणं कर, टोळ्या आल्यावर. येतीलच असं नाही. खांब पुढल्या वर्षी असेल का, तेही त्यांना तेव्हाच विचार, दारं उघडी असताना.

माझी छोटी गादीची खुर्ची केसरबाईंच्या पायरीवर.

आणि संध्याकाळच्या रांगेला एक नियम लाव, भिंतीवर लिहू नकोस, नुसता सांग: काल ज्याचा निरोप लागला नाही, त्याला आज पहिला नंबर.