दंडांचं ऑपरेशन

वन्सं, नमस्कार.

माझ्या मुलाच्या लग्नात तुम्ही माझा लोंबता दंड चिमटीत धरून म्हणालात, "पंखा कशाला हवा? वहिनींनी नुसता हात हलवावा." सगळे हसले, तुमचा भाऊसुद्धा. अंथरुणाला खिळलेल्या तुमच्या आईंचं करता करता माझं वजन उतरलं आणि कातडी तेवढी लोंबत राहिली, हे तुम्हाला ठाऊक होतं.

काल मी ती कातडी काढून टाकायच्या ऑपरेशनची चौकशी करायला गेले. खरं तर नाहीच म्हणणार होते. देवानं दिलेल्या देहाला नटण्यासाठी सुरी लावणं पटेना, आणि मी तर साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारी बाई. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नंतर दीड महिना जड काही उचलायचं नाही."

"सासूबाईंनासुद्धा?"

"अजिबात नाही."

मी तिथेच होकार दिला. घरी येऊन देवापुढे बसले आणि मनात सूड आहे हे कबूल केलं. देव काही रागावलेला दिसला नाही.

आईंनी लेकीचा ध्यास घेतलाच आहे. रविवारी त्यांना शौचाच्या भांड्यासकट तुमच्याकडे आणते. हे पत्र मात्र पोस्टात टाकणार नाही. आधी कळलं तर तुम्ही दाराला कुलूप लावून निघून जाल.

तुमचीच,
वहिनी