हीटरचा होज आणि दाराशी भरलेली बॅग

४ एप्रिल
सासरे दोन दिवसांसाठी आले होते. आठवडा होत आला. गाडीने मीच आणलं, गाडीनेच पोचवणार, हे मी पहिल्याच दिवशी जेवताना जाहीर केलंय. आता गाडीखाली हिरवं डबकं.

निदान: हीटरचा होज गेला. बायको म्हणाली, या उकाड्यात हीटर हवाय कुणाला? शांतपणे समजावलं, की त्या रबरी नळीतून इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी फिरतं, ते गळलं की इंजिन तापतं. तर म्हणते, मग मेकॅनिककडे टाक. घ्या! एक नळी, दोन क्लिपा, त्याला मेकॅनिक? उद्या दुपारी काम फत्ते. संध्याकाळी सासरे त्यांच्या घरी, मी माझ्या खुर्चीत.

(खिडकीजवळची खुर्ची माझी आहे. सध्या तीत सासरे बसून खोकतात.)

५ एप्रिल
व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस बॉनेट उघडतो आणि होज समोर हजर. माझ्या गाडीत तो इंजिनच्या पार मागे. हात जाईल, परत येईल याची खात्री नाही. बनवणाऱ्यांना अक्कल नाही.

सासरे टॉर्च धरायला आले. उजेड सगळा माझ्या डोळ्यांत. मध्येच म्हणाले, जावईबापू, दर तासाला बस असते म्हणे. टोमणा कळला. म्हटलं, तुमचे गुडघे आणि बस? मी असताना?

७ एप्रिल
सासऱ्यांची बॅग रोज सकाळी भरून दाराशी. दबाव आणायची पद्धत. मी दबावाखाली काम करत नाही, म्हणून आज सुट्टी.

पलंग सासऱ्यांना, गादी बायकोला, सोफा मला. मान धरली आहे. स्वतःच्या घरात पाहुणा झालोय.

८ एप्रिल, दुपार
डाव्या हाताने लिहितोय.

सकाळी उजवा हात आत घातला. क्लिप लागली हाताला. हात बाहेर येईना! वर ओढा, खाली ओढा, छे. सासऱ्यांनी स्टूल आणलं, शेजारी बसले आणि त्यांच्या मांजरीची अख्खी हकीकत सांगितली. शेजारणीकडे ठेवून आलेत. दुसऱ्याच्या हातचं खात नाही म्हणे. बोलताना आवाज भरून आला. मला पळायचीही सोय नाही. शेवटी बायकोने भांड्यांचा साबण ओतला, तेव्हा सुटलो. हात सुजून पावासारखा.

मांजरीसाठी एवढं? म्हाताऱ्या माणसांना वेळच वेळ.

११ एप्रिल
होज बदलला!!! स्वतः!

शेजारी-शेजारी दोन सारख्याच नळ्या आहेत. एक पाणी नेते, एक आणते. जिची क्लिप हाताला लागली ती बदलली. बायकोने विचारलं, गळत होती ती हीच कशावरून? म्हटलं, अशा गोष्टी हाताला कळतात. ती आत निघून गेली. पटलं असणार.

१२ एप्रिल
निघालो. सासरे पुढच्या सीटवर, बॅग मांडीवर. चेहरा खुललेला. दुसऱ्या सिग्नलला तापमानाचा काटा वर. घाबरलो नाही. हीटर फुल केला की इंजिनची उष्णता आत खेचली जाते, हे मला ठाऊक आहे. आली की आत! सगळी. काचा उघड्या, तरी दोघे घामाने चिंब. सासऱ्यांनी चष्मा पुसला, बाहेर पाहिलं आणि म्हणाले, हा बसस्टँडच ना? मी उतरतो इथेच. त्यांचा दाराकडे हात जाताना पाहिला, तसं सेंट्रल लॉक लावलं. या वयात काय हा उतावळेपणा!

गाडी वळवून घरी. बॅग पुन्हा दाराशी.

१३ एप्रिल
नळीत हवा अडकली असणार. दुसरं काय? हवा काढायला अजून आठवडा लागेल. सासऱ्यांना म्हटलं, निवांत राहा, मी आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती जीव लावलाय माणसाने!

१४ एप्रिल
उठलो तर खुर्ची रिकामी. बॅग नाही. बायको म्हणाली, बाबा बसने गेले. स्टँडपर्यंत चालत. म्हटलं, गुडघे? म्हणाली, गुडघे धडधाकट आहेत, दुखतात हे तूच ठरवलंस. त्यांना पहिल्या आठवड्यातच जायचं होतं. तुझं मन मोडेल म्हणून थांबले. रोज मला विचारायचे, आज सोडतील का गं मला?

असो. सासरे घरी पोचले. ठरलं होतं तसंच झालं, थोडं मागेपुढे.

खुर्चीत बसलो. तिथून गाडी दिसते. खाली हिरवं डबकं. म्हणजे गळत होता तो शेजारचा होज.

दुपारी बॉनेट उघडलं. टॉर्च दातांत धरून पाहिला, जमत नाही. वाईट वाटलं. चक्क करमेना. मग फोन केला, मांजर कशी आहे विचारायला. मांजर मजेत. शेजारणीकडे खाऊन गुबगुबीत झालीय, आता यांच्याकडे यायला तयार नाही. बिचारे. मी म्हटलं, मग इकडेच या पुन्हा, न्यायला गाडी घेऊन येतो.

फोन कट झाला. तिकडे रेंज नसणार.